दुपट्ट्याखालचा हात

लहानपणी मला सगळं येत होतं. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, पोरांना गणित शिकवता शिकवता केस पिकले, आणि वय वाढलं तसतसं येणारं एकेक कमी होत गेलं. आता सौंसरच्या घरात खुर्चीवर बसून हे लिहिते आहे, तर नक्की येतात अशा दोनतीनच गोष्टी उरल्यात आणि त्यातली एक आंबाडीची भाजी आहे. पण चौथ्या वर्गात होते तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा मला पाऊस कधी येणार ते कळायचं, म्हैस कधी विणार ते कळायचं, पोस्टमन कुणाकडे चांगली बातमी घेऊन चालला आहे ते त्याच्या चालीवरून कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवणं मला मान्य नव्हतं. गुरुजींचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत माझं उत्तर पूर्ण झालेलं असे. घरी आलेल्या पाहुण्यानं "काय म्हणते पोरी?" असं नुसतं रीत म्हणून विचारलं तरी मी काय काय म्हणते ते त्याला सविस्तर सांगत बसे. गावानं माझं नाव वकिलीण ठेवलं होतं. लोक ते कौतुकानं म्हणतात अशी माझी समजूत होती, आणि ती बरीच वर्षं टिकली.

आमचं गाव सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधात, रस्त्यापासून थोडं आत. घरी बाबा, माय आणि मी. मोठ्या दोघी बहिणी नांदायला गेलेल्या. बाबांचा संत्र्याचा बगीचा नाल्याच्या काठी होता आणि घरातलं सगळं त्या बगीच्याच्या तोंडाकडे बघून चालायचं. नवीन लुगडं, कौलं फिरवणं, माझ्या शाळेची फी, सगळ्याला एकच उत्तर असे, "बगीचा जाऊ दे." बगीचा जाणं म्हणजे झाडावरची हिरवी फळं व्यापाऱ्याला विकणं. पोळ्यानंतर व्यापारी गावोगाव फिरत, झाडाखालून मान वर करून फेऱ्या मारत, आणि मग कोणाच्या तरी छपरीत बसून सौदा होई. पुढे तोडणी, राखण, गाड्या, सगळं व्यापाऱ्याचं. बाबांचं काम त्या एका दिवसापुरतं, पण तो दिवस बिघडला की वर्ष बिघडलं. त्या दिवशी माय सकाळपासून चुलीपाशी असे. पोह्यांवर तर्री, शेंगदाण्याची चटणी, आणि चहाचं आधण सारखं चुलीवर. परसातल्या विहिरीवरच्या इंजिनाचा फटफट आवाज बाबा मुद्दाम बंद ठेवत, कारण त्यांच्या मते सौदा शांततेत होतो. मला तर त्या शांततेतच बोलण्याचा फार मोह होई.

सौदा कसा होई ते सांगायला हवं, कारण आजकालची मुलं फोनवर भाव बघतात आणि त्यांना वाटतं भाव ही सगळ्यांनी बघायचीच गोष्ट आहे. तेव्हा भाव तोंडातून निघत नसे. दोनतीन व्यापारी एकाच खाटेवर बसलेले असत आणि एकाचा भाव दुसऱ्याला कळता कामा नये. म्हणून व्यापारी खांद्यावरचा दुपट्टा काढून बाबांच्या उजव्या हातावर टाकी, त्याखाली स्वतःचा हात घाली, आणि बोटं दाबून आकडा सांगे. एक बोट म्हणजे किती ते आधी मोठ्यानं ठरलेलं असे, आमच्याकडे हजार. बाकी सगळं त्या कपड्याखाली. बाहेरून दिसायचे ते फक्त दोन गंभीर चेहरे आणि दोन हलणारे कोपर. बाबा मान हलवत, व्यापारी पुन्हा दाबी, कोणी उसासा टाके, आणि शेवटी बाबांनी "दिला" म्हटलं की झालं. मग मायनं गुळाचा खडा आणायचा. एकदा का "दिला" शब्द निघाला आणि गूळ तोंडात गेला की ब्रह्मदेव आला तरी सौदा मोडत नसे. इसार दुसऱ्या दिवशी सकाळी बगीच्यात नारळ फोडून द्यायचा, पण ती नुसती रीत.

आता, कपड्याखाली नेमकं काय चालतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, कारण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं. मी खाटेच्या पायाशी बसून कोपरांकडे पाहून पाहून स्वतःच शास्त्र तयार केलं. आकडा बोटांनी सांगतात हे उघड होतं. मग समोरच्याची जितकी बोटं आपल्या हाताला लागली तितका आकडा, यात न कळण्यासारखं काय आहे? हे शास्त्र मी शाळेत नेलं. मधल्या सुट्टीत वडाखाली पेरू, चिंचा आणि पाटीवरच्या पेन्सिली यांचे सौदे माझ्या फ्रॉकच्या घेराखाली होऊ लागले. एका पेरूला तीन पेन्सिली हव्या असतील तर मी गिऱ्हाइकाच्या तळहाताला तीन बोटं लावी, ते दोन लावी, मी नाक मुरडी, आणि सौदा तुटे किंवा पटे. कुठे अडलं नाही, कुठे चुकलं नाही. अडणार कसं? सगळ्या वर्गाला मीच शिकवलं होतं. शाळेतल्या नोकरीत पुढे असे बरेच विद्वान भेटले ज्यांचं शास्त्र त्यांच्याच शिष्यांत बिनचूक चालायचं. त्यांना हसताना मला नेहमी तो वड आठवे आणि हसू अर्ध्यावर थांबे.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेत, बाबांचा उजवा हात मोडला. बाबांचं आजोळ सावरगावचं, म्हणून ते दरवर्षी जाम नदीच्या सावरगावकडच्या काठावर उभे राहत. मायचं माहेर पांढुर्ण्याचं, म्हणून माझे मामाजी समोरच्या काठावर. मध्ये पळसाच्या झाडाचा झेंडा आणि दोन्हीकडून गोटे. संध्याकाळी सगळे एकाच पंगतीत पुरणपोळी खात. कोणाचा गोटा कोणाला लागला हे विचारायची पद्धत नव्हती, पण बाबा प्लास्टर घालून दवाखान्यातून आले तेव्हा म्हणाले, "नेम सासरवाडीचाच होता." माय म्हणाली, "माह्या भावाचा नेम लागला असता त डोक्शाले लागला असता." आणि तो विषय संपला.

विषय संपला, पण व्यापारी तोंडावर आले होते आणि हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. सौद्याला डावा हात देत नाहीत. डाव्या हातात लक्ष्मी थांबत नाही, असं बाबा म्हणत, आणि ज्या गोष्टी बाबा कमी बोलून मानत त्या फार घट्ट मानत. शेजारच्या कोणाचा हात घ्यावा तर भाव संध्याकाळपर्यंत गावभर. माय घरातली, पण परक्या माणसाच्या हातात हात बाईमाणूस कशी देणार? असं दोघं चुलीपाशी बसून बोलत होते आणि मी ज्वारीच्या कण्या निवडायच्या सोडून ऐकत होते.

"मी देतो न हात," मी म्हटलं. आमच्याकडच्या पोरी तेव्हा असंच बोलत, मी जातो, मी देतो.

"चूप बस वं," माय म्हणाली. "तुले काय समजते त्यातलं?"

"सगळं समजते. शाळेत मी रोजच करतो. इचारा कोणालेई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पोर म्हणजे घरचंच माणूस, व्यापाऱ्यानं तिचा हात धरला तर कोणी काही म्हणणार नाही, आणि तिनं आत येऊन आपल्या डाव्या हातात तोच आकडा दाबला तर घरातल्या घरात डाव्याचा दोष नाही. हे सगळं त्यांच्या मनात चाललेलं मला दिसत होतं. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. डाव्या हातानं माझा अख्खा पंजा धरून दाबला आणि विचारलं, "किती?"

त्यांची पाचही बोटं माझ्या हाताला लागली होती. "पाच," मी म्हटलं.

"हुशार हाये पोट्टी," बाबा म्हणाले.

एका प्रश्नाची परीक्षा आणि त्यात शंभर टक्के. पुढे मी हजारो पेपर काढले, पण एकाच प्रश्नाचा पेपर कधीही काढला नाही.

सौद्याच्या दिवशी मायनं मला तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या आणि बहिणीच्या लग्नातला परकर नेसवला. छपरीत दोन व्यापारी आले. एक पांढुर्ण्याचे मुन्नालाल सेठ. माझ्या जन्माआधीपासून आमचा बगीचा तेच घेत. अंगानं भरदार, बोटं केळ्यांसारखी, त्यात दोन अंगठ्या, मायच्या हातचा चहा ते बशीत ओतून आवाज करत पीत आणि वर "भाभी, साखर महाग झाली का?" विचारत. दुसरे वरूडकडचे वामनराव, पहिल्यांदाच आलेले. हडकुळे, पांढरी टोपी, बोलताना समोरच्याच्या गुडघ्याकडे पाहणारे. बाबांनी हात दाखवला, अडचण सांगितली आणि मला पुढे केलं. मुन्नालाल सेठ इतके हसले की खाट करकरली. "अरे वा! वकिलीणबाई आता दलाल झाल्या! या, या." मी हसले नाही. धंद्यात हसायचं नसतं हे मी कोपरांसोबत चेहऱ्यांवरूनही शिकले होते.

त्यांनी दुपट्टा टाकला. आत काळोख, घामट ऊब आणि अत्तराचा वास. माझी चार बोटं त्यांनी एकत्र केली आणि खालून अंगठा, वरून एक बोट, अशा चिमटीत धरून दाबली. माझा हात होता केवढासा, त्यांची दोन बोटं त्याला पुरून उरली. मी मोजलं. अंगठा एक, बोट दुसरं. दोन. मी गंभीरपणे उठले, बाबांच्या बाजूला बसले आणि त्यांच्या दुपट्ट्याखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं दाबली. खरं सांगायचं तर माझ्या शास्त्रानुसार मी त्यांच्या हाताला माझी दोन बोटं लावली आणि लावता लावता त्यांची दोनच हातात आली, म्हणून त्यांना दोनच कळले. चुकीचा आकडा तेवढा मी अगदी बिनचूक पोहोचवला.

बाबांचा चेहरा उतरला. "बराबर?" त्यांनी हळू विचारलं.

"बराबर."

"मुन्नालालभाऊ," बाबा मोठ्यानं म्हणाले, "असं नाही जमत. जरासा इचार करा. इतक्या सालाचं आपलं."

मुन्नालाल सेठ चकित झाले. "भाऊ, याच्यावर आणखी काय विचार करू? बगीचा पाहूनच बोललो." तरी त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि तीच चार बोटं त्याच चिमटीत, या वेळी जरा रागानं, दाबली. मी परत येऊन पुन्हा दोन सांगितले. बाबांच्या कानाची पाळी लाल झाली. पंधरावीस वर्षं घरचा चहा प्यायलेला माणूस इतका खाली उतरतो, मोडका हात पाहून, हे त्यांना लागलं. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्यामुळे मुन्नालाल सेठांचा कंजूषपणा उघडा पडला आहे, आणि मी खूश होते.

मग वामनराव. त्यांनी दुपट्टा इतका हळू टाकला की जणू खाली बाळ झोपलं आहे. परक्याच्या पोरीचा हात कसा धरावा याचा त्यांना संकोच. त्यांनी माझी तीन बोटं निवडून बाजूला केली, आणि निसटू नयेत म्हणून अख्ख्या मुठीत धरली. मूठ म्हणजे पाच. मला इतका आनंद झाला की मी पळतच बाबांकडे गेले.

एरवी बाबा सौदा दुपार कलेपर्यंत ताणत. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून पाच घेतले, एकदा मुन्नालाल सेठांकडे पाहिलं आणि तडक म्हणाले, "वामनराव, दिला."

वामनरावांनी पहिल्यांदाच मान वर केली. "दिला?"

"दिला म्हंजे दिला. सुमनची माय, गूळ आण वं."

गूळ आला. मुन्नालाल सेठांनी खडा हातात घेतला, तोंडात घातला नाही, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि उठले. माय चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "चहा घ्या न, भाऊजी." "नको भाभी, बस निघून जाईल," म्हणाले आणि गेले. बस निघायला भरपूर वेळ होता. वामनराव मात्र दोन कप चहा पिऊन, घाम पुसत, "मी जामसावळीले मारुतीचं दर्शन घेऊन तिथंच थांबतो, सकाळी बगीच्यात येतो," म्हणून निघाले. बाबा त्या दुपारी इंजिन चालू करून नुसतेच आवाज ऐकत बसले. मी गावभर फिरले. आकडा सांगायचा नाही एवढं मला कळत होतं, म्हणून मी फक्त "मी सौदा केला" एवढंच सांगत होते. सगळ्यांना.

संध्याकाळी माय भाकरी थापत होती. पिठानं हात भरलेले. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चहा न घेता गेले. आपल्या घरून कधी गेले नाही." मग माझ्याकडे वळली. "सुमे, भाऊजीनं किती सांगतले व्हते?"

आकडा सांगायचा नव्हता, पण माय म्हणजे काही व्यापारी नव्हे. "दोन. दोनदा दोन."

"दोन त माणूस कुंपणाच्या बोरीलेई सांगत नाही." तिची भाकर तव्यावर पडली नाही, परातीतच राहिली. "इकडं ये. कशी दाबली ते दाखव."

मी दाखवायला माझीच चार बोटं तिच्या चिमटीत ठेवली. तिनं पिठाचा अंगठा खाली, पिठाचं बोट वर, असं दाबलं. "किती झाले?"

"दोन."

मायनं हात सोडला. "आता पाह्य आपल्या हाताकडं. किती बोटाले पीठ लागलं?"

माझ्या चार बोटांवर पांढरा पट्टा होता.

ते पीठ मी पुसलं नाही, झाडलं नाही. मला रडू यायला हवं होतं, पण पहिल्यांदा आला तो राग, की एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली कशी नाही. मग वामनरावांची मूठ आठवली. तिच्यात माझी किती होती? दोन? तीन? तीन. मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला मोजायची गरज पडली नाही. "अजी," ती छपरीकडे तोंड करून म्हणाली, "ऐकून राहिले का? इंजिन बंद करा आन् घरात या."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले आणि परातीतल्या पिठाकडे पाहत राहिले. चारचा भाव सोडून तीनला बगीचा दिला, जुना माणूस दुखावला, आणि "दिला" शब्द तोंडातून गेलेला. "अजून इसार घेतला नाही," माय म्हणाली. "इसाराचं काय घेऊन बसली? जबान गेली न," बाबा म्हणाले. मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जबान तुमची व्हती. हात पोरीचा व्हता. पोरीलेच सांगू द्या." त्या रात्री मी जेवले नाही. भरल्या वांग्याची भाजी होती, तरीही. यावरून माझ्या दुःखाची कल्पना यावी.

सकाळी आम्ही बगीच्यात पोहोचलो तर वामनराव आधीच आलेले. नारळ बांधावर ठेवला होता आणि स्वतः एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून नखानं साल खरवडत होते. शेजारच्या दोन झाडांची आळी उकरलेली. आम्हाला पाहताच उभे राहिले, ओशाळले, आणि पहिल्यांदाच बाबांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "पाटील, एक इचारू? खरं सांगसान? बगीच्याले काय झालं हाये?"

"बगीच्याले? काई नाही."

"मंग तुमी एका शब्दात कसा देला? मी त सुरुवात केली व्हती. मले वाटलं, तुमी नाही म्हणसान, मी वाढवीन, तुमी चहा पाजसान. तुमी म्हणता दिला! डोळ्याले डोळा नाही लागला मह्या. जामसावळीले मारुतीपुढं बसलो त मारुतीबी मलेच पाहून राहिला. म्हटलं, या माणसाले झाडातली कोणती तरी बिमारी मालूम हाये."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डावा. मी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात बोलायला मला कधी तयारी लागली नव्हती, त्या दिवशी एक वाक्य मनात दोनदा जुळवावं लागलं. "मले येते" हे माझं सगळं भांडवल होतं. त्यावर मी पेरू मिळवले होते, गुरुजींचं कौतुक मिळवलं होतं, गावात नाव मिळवलं होतं. आणि आता त्याच्या उलट वाक्य बोलायचं, तेही टोपीवाल्या माणसासमोर.

"मले येत नव्हतं," मी म्हटलं. "मी तुमची बोटं मोजली."

वामनरावांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी स्वतःची मूठ उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि मग ते हसायला लागले. तो माणूस हसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. हसता हसता ते बांधावर बसले, टोपी काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "सुटलो बाप्पा! पाटील, सौदा मोडला असं मी म्हणतो, तुमी नाही. म्हंजे तुमची जबानबी राह्यली." नारळ त्यांनी तिथेच फोडला, मारुतीच्या नावानं, आणि अर्धी वाटी मला दिली. ती वाटी मी खाल्ली. रात्रीचं जेवण राहिलं होतं.

मुन्नालाल सेठांचं एवढं सोपं गेलं नाही. त्यांची पेढी पांढुर्ण्याच्या बाजारात, पुढे संत्र्यांच्या पेट्या आणि गवताचा ढीग, आत गादी. गादीवर आणखी दोघे व्यापारी लोडाला टेकून बसले होते. सेठांनी आम्हाला पाहिलं आणि ढिगातल्या गवताकडे पाहिल्यासारखं केलं. बसा म्हटलं नाही. चहा सांगितला नाही. बाबा उभे राहिले, प्लास्टर दुसऱ्या हातानं सांभाळत, आणि मला म्हणाले, "सांग."

दुसऱ्यांदाही ते वाक्य सोपं झालं नव्हतं. "काकाजी, मले येत नव्हतं. तुमची दोनच बोटं लागली म्हणून मी दोन सांगतले." गादीवरचे दोघे खो खो हसले. सेठ हसले नाहीत. ते बाबांना म्हणाले, "तुम्हाला वाटलं मी दोन सांगणार? तुमचा हात मोडलेला असताना?"

"वाटलं," बाबा म्हणाले. "चूक झाली."

एवढंच. माझ्या बाबांनी कोणापुढे मान खाली घातलेली मी तेवढी एकदाच पाहिली. माझ्या केवढ्याशा हुशारीसाठी त्यांना ती घालावी लागली, आणि ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

सेठांनी बोटातली अंगठी एकदा फिरवली. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "ये बेटा. हात दे."

पुन्हा तो काळोख आणि अत्तर. या वेळी मी डोळे मिटले आणि फक्त माझ्या बोटांत गेले. त्यांनी धरलं, दाबलं. मग थांबले. मग धरलेलं सोडून पुन्हा नव्यानं धरलं. मी माझी मोजली, करंगळीपासून.

"बोल ना बेटा, किती सांगितले सेठनं?" लोडावरचा एक जण डोळा मिचकावून म्हणाला. "आता तरी बरोबर आलं का? सांग, पेढा देतो." दुसरा पुढे सरकला. सगळी पेढी माझ्या तोंडाकडे पाहत होती. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर मला येत होतं, आणि या वेळी खरोखरच येत होतं. असा योग माझ्या आयुष्यात त्याआधी आला नव्हता. जिभेच्या शेंड्यावर तो आकडा आला, आणि मी ओठ मिटले. बाबांच्या दुपट्ट्याखाली हात घालून त्यांच्या डाव्या हाताची बोटं धरली, मोजून, एकेक करून, आणि दाबली.

बाबांनी सेठांकडे पाहिलं. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण ते एवढंच म्हणाले, "दिला."

"अरे चहा सांगा रे," मुन्नालाल सेठ ओरडले. "आणि बेटासाठी पेढे. बोलली नाही म्हणून." चहा आला, त्यांनी बशीत ओतला आणि पहिला घोट इतक्या जोरात ओढला की बाबांना हसू आलं.

घरी आल्यावर मायनं आकडा विचारला. मी सांगितला नाही. तिनं पिठाचे हात पुढे केले, गूळ दाखवला, शेवटी वेणी ओढली, तरी नाही. बाबांनी तिला त्याच संध्याकाळी सांगून टाकला होता आणि ती मला नुसती तपासत होती, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं. आता बाबा नाहीत, सेठ नाहीत, माय नाही. तेवढी एक गोष्ट पोटात ठेवायला मी शिकले. बाकीचं सगळं तर तुमच्यापुढे मांडतेच आहे.

मागच्या दिवाळीत नात आली होती. दहा वर्षांची आहे. तिला सगळं येतं. हे प्रकरण मी तिला वाचून दाखवत होते, तर मध्येच फोनवरची नजर न काढता म्हणाली, "समजलं मला, आजी. पुढचं नको वाचू. फक्त शेवटी किती बोटं धरली ते सांग." मी म्हटलं, हात दे. पदराखाली तिचा हात घेतला आणि सेठांनी माझी धरली होती तितकीच बोटं, खालून अंगठा आणि वरून एक बोट, अशी दाबली.

"सोपं आहे," ती म्हणाली. "दोन!"

"बराबर," मी म्हटलं.